‘कोणाचे?’ आणि ‘कुठे?’

स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा २००४ साली दहावी झालेले आम्ही पुन्हा एकदा एकमेकांना शोधू लागलो. कुणी नागपुरात, कुणी पुण्यात, काही मुंबईत, तर दोघे-तिघे गावाकडे शेती सांभाळणारे. काय लिहायचे यावर फार चर्चा झाली नाही. प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय आला : जानेवारी २००४ मधली ती तीन दिवसांची मुंबईची सहल. गंमत अशी, की समुद्राविषयी फारसे कुणी बोलले नाही. सगळे बोलले ते आगगाडीविषयी, लोकलविषयी, बसविषयी आणि एका टॅक्सीविषयी. म्हणून हा लेख वाहनांचाच आहे. तो एकाने लिहिला असला, तरी आठवणी सगळ्यांच्या आहेत.

शाळेत आलो तेव्हा आम्हाला दोनच वाहने ठाऊक होती. एक एस.टी. आणि दुसरी काळीपिवळी. विदर्भात काळीपिवळी म्हणजे बाजाराच्या दिवशी टपावरही माणसे घेऊन जाणारी जीप. त्या जीपमध्ये बसताच शेजारचा वडीलधारा माणूस एक प्रश्न हमखास विचारी : ‘कोणाचा व्हय रे तू?’ प्रश्न साधा होता. कदाचित आपुलकीचाही असेल. पण आमचे उत्तर ऐकल्यावर, वस्तीचे नाव कळल्यावर, पुढचे बोलणे बहुधा थांबत असे. कुणी अपशब्द वापरत नसे. फक्त तो माणूस खिडकीबाहेर पाहू लागे. त्या शांततेचा अर्थ आम्हाला फार लहान वयात समजला होता. वाहनात बसले की मान खाली घालायची, कुणाशी बोलायचे नाही, ही सवय आम्ही घरूनच घेऊन शाळेत आलो होतो.

शाळेत पहाटेची वंदना, अभ्यासिका, पंगतीतले जेवण यांतून ती मान हळूहळू वर येत होती. पण शाळेच्या फाटकाच्या आत. फाटकाबाहेर काय होईल, याची आमच्या अधीक्षक सरांना चिंता असावी. दहावीच्या मुलांना मुंबई दाखवायचीच, असा त्यांनी हट्ट धरला. सहा डिसेंबरच्या जनसागरात छत्तीस मुले सांभाळणे कठीण, म्हणून जानेवारी निवडला. पालकांकडून जमले ते घेतले, उरलेले शाळेने घातले. सोबत सर, गणिताच्या बाई आणि स्वयंपाकाच्या मावशी.

नागपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी भुसावळ, जळगाव, पाचोरा करत चाळीसगावला पोहोचते. आमची गाडी तिथे आली तेव्हा रात्र बरीच झाली होती. सरांनी आम्हाला एकेकाला हलवून जागे केले. खिडकीतून फलाटावरचे पिवळे दिवे आणि चहाची किटली घेऊन धावणारा एक मुलगा एवढेच दिसत होते. सर म्हणाले, ‘हे स्टेशन नीट पाहून घ्या.’

मग त्यांनी सांगितले ते आम्हाला तोवर माहीत नव्हते. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना इथे उतरले होते. वस्तीतल्या लोकांनी आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतले होते. स्टेशनावरून वस्तीत न्यायला टांगा हवा. पण महाराला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, लगाम हाती घेतला. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशातून विद्या मिळवून आलेल्या बॅरिस्टराला टांगेवाला मिळाला नाही, तो या गावात.

त्याच ओघात सरांनी मसूर स्टेशनची हकीकतही सांगितली. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले साताऱ्याहून मसूरला उतरली. अंगावर नवे कपडे. स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली, ‘कोण तुम्ही?’ मुलांनी खरे सांगितले आणि मास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊ केले तरी बैलगाडीवाले तयार होईनात. अखेर मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, या अटीवर एकजण कबूल झाला. त्या मुलांत भीमराव होते. या दोन्ही हकिकती बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतः लिहून ठेवल्या आहेत.

गाडी हलली. आमच्यातल्या कुणालाच पुढे झोप लागली नाही. ‘कोण तुम्ही?’ हा प्रश्न आमच्या ओळखीचा होता. तो शंभर वर्षे जुना आहे, हे त्या रात्री कळले.

सकाळी दादरला उतरलो. मुंबईने आमचे स्वागत फसवणुकीने केले, हेही सांगितले पाहिजे. भांडी, शिधा आणि अंथरुणे घेऊन बाई व मावशी टॅक्सीने नायगावच्या विहाराकडे निघाल्या आणि आम्ही सरांसोबत पायी. आम्ही अर्ध्या तासाच्या आत पोहोचलो. टॅक्सी आमच्यानंतर आली. त्या भल्या गृहस्थाने दोघींना बराच भाग फिरवून आणले होते आणि मीटरवरच्या आकड्याला मनाला येईल त्या संख्येने गुणून पैसे घेतले होते. मावशी संतापल्या होत्या. सर मात्र म्हणाले, ‘त्याने तुमची जात पाहून नाही फसवले. तुम्ही नवख्या आहात हे पाहून फसवले. याला उपाय आहे.’ उपाय कोणता, हे त्यांनी आम्हाला त्या दुपारीच शिकवले. तेव्हाच्या टॅक्सीचे मीटर बाहेर, डाव्या बाजूला असे. त्यावरचा आकडा म्हणजे भाडे नव्हे. चालकाकडे एक छापील दरपत्रक असे. मीटरचा आकडा त्यात शोधायचा आणि समोर लिहिलेली रक्कम द्यायची. दिवसाचा दर वेगळा, मध्यरात्रीनंतरचा वेगळा. ‘कार्ड दाखवा’ एवढे दोन शब्द म्हणायला शिकायचे.

पहिल्या दिवशी चैत्यभूमीवर नतमस्तक झालो आणि हिंदू कॉलनीतले राजगृह पाहिले. दुसऱ्या दिवशी फोर्टातले सिद्धार्थ महाविद्यालय पाहायचे होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे, १९४६ साली सुरू झालेले ते महाविद्यालय आमच्या सरांच्या मनात तीर्थासारखे होते. त्यासाठी दादरहून लोकलने जायचे होते. परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मस्जिद आणि शेवटचे छत्रपती शिवाजी टर्मिनस, ही स्टेशने आम्ही आदल्या रात्री पाढ्यासारखी पाठ केली होती. मुली बाईंसोबत महिलांच्या डब्यात, मुले सरांसोबत.

लोकल आली आणि आम्ही चढलो असे म्हणणे खरे नाही. आम्हाला चढवले गेले. आत गेल्यावर हात कुठे, पिशवी कुठे, कळेना. चारी बाजूंनी माणसे अंगाला भिडलेली. कचेरीत निघालेले, हमाल, विद्यार्थी, टिळा लावलेले, टोपी घातलेले. कुणाचा घाम कुणाला लागत होता. आमच्यातल्या एकाच्या खांद्यावर एक वृद्ध गृहस्थ चक्क डोके टेकून पेंगत होते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना सावली पडू नये म्हणून वाटेत बाजूला व्हावे लागत असे, त्या आम्हाला हे नवे होते. त्या गर्दीत स्पर्श टाळायचा म्हटले तरी कुणाला शक्य नव्हते. पुढे जागा थोडी सैल झाली, तेव्हा तिघांच्या बाकावर बसलेल्या एका माणसाने आमच्यातल्या एकाकडे पाहिले, किंचित सरकला आणि म्हणाला, ‘बस.’ मुंबईत याला चौथी सीट म्हणतात. धड बसणे नाही, धड उभे राहणे नाही. पण ती अर्धी जागा देताना त्याने विचारले ते एवढेच : ‘कुठे उतरणार?’

फोर्टात महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर आम्ही थोडा वेळ बसलो. मग तेथून दुमजली बसने संग्रहालयाकडे निघालो. बेस्टच्या बसचा क्रमांक समोर मराठी आकड्यांत लिहिलेला असतो. इंग्रजीला घाबरणाऱ्या आम्हा मराठी माध्यमाच्या मुलांना त्या मराठी आकड्याने केवढा धीर दिला! शहराने आपल्यासाठीच पाटी लिहून ठेवली आहे, असे वाटले. वरच्या मजल्यावर पुढच्या बाकांसाठी आमच्यात भांडण झाले. कंडक्टर पंच टिकटिकवत वर आला आणि म्हणाला, ‘कुठे?’ सरांनी छत्तीस तिकिटे आणि आम्हा मोठ्यांची तीन असे सांगताच तो कपाळाला हात लावून म्हणाला, ‘सुट्टे आहेत ना?’ सरांकडे सुट्टे होते. शाळेतून निघताना ते नाण्यांची पुरचुंडीच घेऊन आले होते.

तोवर आमच्या लक्षात यायला लागले होते. दोन दिवस या शहरात आम्हाला जो तो एकच प्रश्न विचारत होता आणि तो ‘कोणाचे?’ हा नव्हता.

परतीच्या वेळी मात्र घात झाला. संध्याकाळची गर्दी. धिमी लोकल आणि जलद लोकल यांतला फरक आम्हाला कळला होता. पण समोर उभी राहिली त्या गाडीत गर्दीच्या रेट्याने आम्ही शिरलो आणि ती जलद निघाली. दादरला ती थांबते, म्हणून सर निश्चिंत होते. दादर आले. उतरणारे उतरण्याआधीच चढणाऱ्यांचा लोंढा आत आला. मुली उतरल्या, सर उतरले, अकरा मुले उतरली. नऊ मुले आतच राहिली आणि गाडी सुटली.

इथून पुढे आमची आठवण दोन ठिकाणची आहे. दादरच्या फलाटावरचे आम्ही सत्तावीस जण पुन्हापुन्हा मोजले जात होतो, जणू मोजल्याने छत्तीस होणार होतो. सरांना आम्ही तोवर कधी घाबरलेले पाहिले नव्हते. गाडीतले आम्ही नऊ जण एकमेकांचे शर्ट धरून उभे होतो. सरांनी शाळेतच एक नियम घालून दिला होता : चुकलात तर पुढच्या स्टेशनवर उतरा आणि घड्याळाखाली उभे राहा. गाडी कुर्ल्याला थांबली. आम्ही उतरलो आणि घड्याळाखाली रांगेत उभे राहिलो, प्रार्थनेला उभे राहतो तसे. भीती दुहेरी होती. परत कसे जायचे हे ठाऊक नव्हते आणि हातात तिकीट नव्हते. सगळी तिकिटे सरांच्या खिशातल्या पाकिटात होती.

भाजीची रिकामी टोपली डोक्यावर घेतलेल्या एक मावशी आमच्यासमोर थांबल्या. ‘असे रांगेत काय उभे ऱ्हायलात रे? कुठं जायचंय?’ आम्ही दादर म्हणालो. त्यांनी ‘माझ्या मागनं या’ एवढेच म्हटले. पूल चढून, पूल उतरून दुसऱ्या फलाटावर आणले. तिथे काळ्या कोटातला तिकीट तपासनीस उभा होता. आमची पावले थबकली. मावशींनी मागे न पाहताच दटावले, ‘चला चला.’ तो दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. धिमी गाडी आली, तेव्हा त्यांनी आम्हाला दारातून आत लोटले आणि बजावले, ‘शीव, माटुंगा, मग दादर. माटुंगा गेलं की दारात या.’ गाडी हलली, तेव्हा त्या टोपली सावरत निघूनही गेल्या होत्या. त्यांनी आमचे नाव विचारले नाही. आम्हीही त्यांचे विचारले नाही, आणि ही चूक मात्र आम्हाला आजही बोचते.

आम्ही नऊ जण दादरला उतरलो तेव्हा सर ओरडतील असे वाटले होते. त्यांनी खिशातून पाकीट काढले आणि प्रत्येकाच्या हातात त्याचे त्याचे तिकीट ठेवले. म्हणाले, ‘चूक माझी आहे. तिकीट ज्याचे त्याच्या हाती हवे होते.’ त्यानंतरच्या प्रत्येक प्रवासात आमचे तिकीट आमच्याकडे राहिले.

त्याच रात्री आमच्यातल्या एका मुलीला दम्याचा त्रास सुरू झाला. मध्यरात्र उलटली होती. तिला परळच्या इस्पितळात न्यायचे ठरले. सर, बाई आणि आम्ही दोघे-तिघे रस्त्यावर आलो. पहिली टॅक्सी थांबली. सरांनी परळ सांगताच चालकाने मान हलवली आणि निघून गेला. दुसऱ्याने तर काच खाली न करताच हात हलवला. त्या दिव्याच्या उजेडात आम्ही सरांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आमच्या सगळ्यांच्या मनात एकच गाव उभे राहिले. चाळीसगाव.

तिसरी टॅक्सी थांबली. चालक उत्तरेकडचा, उतारवयाचा. मुलीची धाप पाहून त्याने स्वतः उतरून दार उघडले. वाटेत बाईंनी न राहवून विचारले, आधीचे दोघे का आले नाहीत? तो हिंदीत म्हणाला, अंतर जवळचे आहे. लांबचे भाडे मिळेल या आशेने माणूस तासन्‌तास उभा असतो. शिवाय ही कुणाची तरी गाडी मालकाला परत करायची वेळ असेल. नाही म्हणायला नको होते, पण म्हणतात, सगळ्यांनाच म्हणतात. ‘सगळ्यांनाच’ हा शब्द ऐकून आम्हाला बरे वाटावे, हे विचित्र होते. पण वाटले. नकारामागे आपण असू, ही आमची जन्मापासूनची शंका. ती प्रत्येक वेळी खरी असतेच असे नाही, हे पहिल्यांदा त्या टॅक्सीत कळले.

इस्पितळाच्या दारात सरांनी पाकीट काढले. आमच्यातल्या एकाने धीर करून म्हटले, ‘कार्ड दाखवा.’ चालकाला राग आला नाही. त्याने दिवा लावला, कार्ड दिले आणि बोटाने रात्रीचा रकाना दाखवला. आम्ही आकडा शोधला, रक्कम वाचली, सरांनी मोजून दिली. त्याने उरलेली चिल्लर परत केली. त्याने भाडे सोडून दिले नाही, कमी केले नाही आणि एक रुपया जास्त घेतला नाही. मसूरच्या मुलांनी दुप्पट भाडे देऊ केले होते आणि तरी गाडी त्यांनाच हाकावी लागली होती. आम्ही छापील भाडे दिले आणि माणसासारखे मागच्या सीटवर बसून आलो. दया मिळाली असती तर तिचे ओझे झाले असते. मिळाला तो हिशेब होता, आणि आम्हाला तोच हवा होता. मुलगी पहाटेपर्यंत बरी झाली. आज ती स्वतः परिचारिका आहे आणि हा परिच्छेद तिने तपासून दिला आहे.

याचा अर्थ शहरात जात नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पुढे नोकरीसाठी आमच्यातले काही मुंबईत आले, भाड्याची खोली शोधू लागले आणि तो जुना प्रश्न नव्या कपड्यांत भेटला : ‘आडनाव काय म्हणालात?’ दरवर्षी ६ डिसेंबरच्या आसपास लोकलच्या डब्यात गर्दीविषयी जे शेरे कानांवर पडतात, ते आम्हीही ऐकले आहेत. कधी उत्तर दिले आहे, कधी गिळले आहे. ज्या माणसाने चौथी सीट दिली, त्याने घरात पाण्याचा पेला दिला असता की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही. सार्वजनिक वाहन माणसाचे मन बदलत नाही. ते एवढेच करते, की तिकीट असलेल्याला बसू देते. पण जिथून आम्ही आलो, तिथे हे ‘एवढेच’ मिळवायला पिढ्या गेल्या आहेत.

आता पालकांसाठी थोडे. आपली मुले परीक्षेला, मुलाखतीला, इस्पितळात मुंबईला जातात आणि तुम्ही गावी काळजीत असता. वाहने बदलली आहेत. बाहेर मीटर लावलेल्या त्या जुन्या पद्मिनी टॅक्सी आणि डिझेलच्या दुमजली बस, दोन्ही २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. दादरचे फलाट पूर्वी मध्य आणि पश्चिम रेल्वेचे वेगवेगळ्या क्रमांकांचे होते. आता ते सलग एक ते चौदा आहेत, त्यामुळे जुन्या माणसाने सांगितलेला क्रमांक पाळू नका. भुयारी मेट्रोही आता दादरला थांबते. पण काही गोष्टी तशाच आहेत. कुठल्याही स्टेशनवर उतरण्याआधी पूर्वेला जायचे की पश्चिमेला, हे विचारून ठेवावे. लोकलच्या पाटीवर गाडी धिमी की जलद हे पाहूनच चढावे, आणि आपले स्टेशन येण्याआधीच दाराकडे सरकावे. पहिल्या वर्गाच्या डब्यात चुकून चढल्यास दंड होतो. ‘माहीत नव्हते’ हे कारण चालत नाही. दादरला रिक्षा शोधू नये. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला येत नाहीत, तिथे टॅक्सी किंवा बसच. टॅक्सीत बसताच मीटर पडले का ते पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, विचारायला लाजू नये. आमच्या घरांत विचारण्याची भीती मुरलेली आहे, कारण आपण काही विचारले की समोरचा आपल्याला उलट काय विचारेल, याची धास्ती असते. मुलांना सांगा, रस्ता विचारणाऱ्याचे काही जात नाही.

मुंबईतल्या आमच्या पाच-सहा जणांनी काही वर्षांपासून एक प्रघात ठेवला आहे. शाळेतून कुणी विद्यार्थी मुंबईला येणार असे कळले, की आमच्यातला एकजण दादरच्या फलाटावर घड्याळाखाली उभा राहतो. त्याला पहिल्या दिवशी लोकलने फिरवतो, तिकीट त्यालाच काढायला लावतो आणि ते त्याच्याच हाती ठेवतो. दुसऱ्या दिवसापासून तो एकटा फिरतो.

सर आता निवृत्त झाले आहेत. ही स्मरणिका त्यांच्या हाती जाईल, तेव्हा त्यांना सांगावेसे वाटते की त्या दिवशीची, कुर्ल्याहून परतल्यावर तुम्ही हाती ठेवलेली नऊ तिकिटे आम्ही दाराशी फाटक ओलांडताना कुणाला दिली नाहीत. त्यांतली दोन अजून आमच्याकडे आहेत. अक्षरे उडाली आहेत. कुठून कुठे, ते वाचता येत नाही. पण आम्हाला ते पाठ आहे.

जय भीम!

— दहावीची तुकडी, २००४